सोफ्याला पाणी नको, वारा हवा

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कापडी सोफ्याची निगा कशी राखायची, या प्रश्नाचं उत्तर या भागात याच आकड्यापासून सुरू करावं लागतं. सोफा स्वच्छ ठेवण्याचे जे सल्ले आपल्यापर्यंत पोचतात, ते बहुतेक कोरड्या हवेच्या प्रदेशांतले किंवा एसी लावलेल्या घरांतले असतात. शाम्पू कालवा, फेस करा, ब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. यातलं शेवटचं वाक्य म्हणायला फार सोपं आहे. कसारा घाटाच्या पायथ्याशी किंवा माळशेजच्या खाली जुलै महिन्यात दोरीवरचा साधा सुती सदरा तीन-तीन दिवस वाळत नाही. तिथे चार-पाच इंच जाडीची गादी वाळायची कशी? माझं म्हणणं असं आहे, की या भागात कापडी सोफा धुळीने जितका खराब होतो त्यापेक्षा जास्त पाण्याने होतो, आणि त्यातलं बरंचसं पाणी स्वच्छतेच्या नावाखाली आपणच त्यात ओततो. म्हणून सोफ्याची रोजची निगा कोरडी असावी. पाणी वापरायचं ते अगदी शेवटी, मोजकं आणि योग्य ऋतूत.

हे म्हणणं नवं वाटलं तरी या भागातल्या घरांना ते अनोळखी नाही. इथल्या घरांत बसण्याच्या ज्या वस्तू पूर्वापार होत्या, त्या सगळ्या उचलता येणाऱ्या होत्या. घोंगडी झटकून उन्हात टाकायची, गोधडी नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुवायची, चटई गुंडाळून ठेवायची, पाट पुसून भिंतीला टेकवायचा, बाज अंगणात काढायची. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेत, पौष पौर्णिमेला, जनावरांच्या बाजाराबरोबर घोंगड्याही विकल्या जातात. ती घोंगडी वर्षानुवर्षं टिकते, कारण तिला झटकणं आणि वारा देणं सोपं असतं. सोफा ही या घरांत आलेली पहिली अशी बैठक आहे, की जिला कापड आहे पण ते सहसा निघत नाही, गादी आहे पण ती बहुधा अंगणात नेता येत नाही. म्हणून सोफा आणू नये असं अजिबात नाही. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला जमिनीवरून उठण्यापेक्षा सोफ्यावरून उठणं किती सोपं जातं, हे ज्या घरात वडीलधारी माणसं आहेत त्या घराला सांगावं लागत नाही. प्रश्न इतकाच आहे की घोंगडीला मिळणारा वारा आणि झटका सोफ्याला कसा मिळवून द्यायचा.

त्यासाठी सोफ्याच्या आत काय असतं ते आधी पाहायला हवं. वरचं कापड, त्याखाली बहुधा पातळ पांढरा थर, मग फोम, त्याखाली ताणलेले पट्टे किंवा नागमोडी स्प्रिंगा, मग लाकडाचा किंवा प्लायवूडचा सांगाडा आणि अगदी तळाला पिना मारून बसवलेलं काळं पातळ कापड. फोम म्हणजे पॉलियुरेथेन. हा पदार्थ जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 साली प्रथम तयार केला, आणि त्याचा मऊ फोम दुसऱ्या महायुद्धानंतर गाद्यांमध्ये आला. भांडी घासायचा मऊ स्पंज बहुतेक वेळा याच जातीचा असतो, आणि तो सिंकजवळ चिंब पडून राहिला की दोन दिवसांत कसा वास मारतो हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. सोफ्यात तोच पदार्थ कितीतरी पट जाड असतो आणि त्याला वरून कापड, खालून कापड, बाजूंनी लाकूड असं चहूबाजूंनी कोंडलेलं असतं. वरचं कापड पंख्याखाली दोन तासांत कोरडं लागतं, म्हणून आपल्याला वाटतं की सोफा वाळला. आतला फोम मात्र ओलाच असतो. ओल्या वस्तूवर बुरशी धरायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पुरतात; तेवढ्या वेळात वस्तू पूर्ण वाळली नाही तर बुरशी येणार हे गृहीत धरावं. शिवाय फोममधलं पाणी हळूहळू वर येऊन कापडातून उडून जातं, तेव्हा आतला विरघळलेला मळ सोबत घेऊन येतं आणि कापडावर सोडून जातं. सोफा घासून पुसल्यावर दुसऱ्या दिवशी दिसणारी ती तपकिरी कडेची वर्तुळं इथूनच येतात. मग ती काढायला पुन्हा पाणी लावलं जातं, आणि वर्तुळ आणखी मोठं होतं.

आता धूळ. ती या दोन तालुक्यांत कमी नाही. शहापूरमधून मुंबई-नाशिक महामार्ग जातो. दोन्ही तालुक्यांत वीटभट्ट्या आहेत. दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी सुरू झाली की कोंडा आणि पेंढ्याचा बारीक भुसा दारा-खिडक्यांतून आत येतो. एप्रिल-मेमध्ये शेतात राब भाजले जातात तेव्हा त्याची राख. ही धूळ सोफ्यावर बसते आणि माणूस बसला की दाबली जाऊन विणीच्या आत जाते. वरून दिसत नाही म्हणून ती नाही असं समजणं ही सोफ्याच्या बाबतीतली सर्वांत मोठी गैरसमजूत. 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. फुंकण्यापेक्षा ओढून घेणं बरं, असं त्याच्या मनात आलं. एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मखमली पाठीवर हातरुमाल ठेवला, तोंड लावलं आणि जोरात हवा ओढली. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा ठसा उमटला होता. यातूनच त्याचं व्हॅक्यूम क्लीनरचं यंत्र आलं. त्या कल्पनेची पहिली चाचणी कापडी बैठकीवर झाली आणि तिथून जी घाण निघाली ती पाण्याविना, नुसत्या हवेने निघाली, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. धूळ ही मुळात कोरडी असते. तिला पाणी लावलं की तिचा चिखल होतो, आणि चिखल विणीत घट्ट बसतो. राहू दिली तर तिच्यातले वाळूचे टोकदार कण प्रत्येक बसण्या-उठण्यासोबत धागे कापत राहतात. म्हणून सोफ्याचं कापड सर्वांत आधी विरतं ते जास्त बसण्याच्या जागी. तेव्हा धूळ काढायची तर हवेनेच, आणि आठवड्यातून एकदा तरी.

यावर लगेच आक्षेप येतो की व्हॅक्यूम क्लीनर प्रत्येक घरात कुठून येणार, आणि असला तरी वीज हवी. आक्षेप रास्त आहे. पण याला जुना उपाय आहे आणि तो उत्तम काम करतो. एक मोठा सुती टॉवेल भिजवून शक्य तितका घट्ट पिळायचा, इतका की हातात दमट लागेल पण एक थेंबही पडणार नाही. तो बैठकीवर पसरायचा आणि वरून लाटण्याने किंवा हलक्या काठीने थोपटायचं. आतून उडणारी धूळ घरभर न पसरता टॉवेलला चिकटते. टॉवेल उचलून उलटा केला की त्यावर करडा थर दिसतो. तो भाग बदलून पुढच्या जागी टॉवेल ठेवायचा. सुट्या गाद्या असतील तर त्या अंगणात नेऊन झोडाव्यात, हे त्याहून बरं. एक जागा मात्र दोन्ही पद्धतींत राहून जाते: बैठक आणि हात जिथे मिळतात ती खोल फट. चुरमुरे, शेंगदाण्याची टरफलं, बिस्किटांचा चुरा, केसांच्या पिना, मुलांचे खोडरबर, एखादं नाणं असं सगळं तिथे जातं, आणि मुंग्या, झुरळं, उंदीर तिथेच वळतात. सुका रंगाचा ब्रश किंवा जुना दात घासायचा ब्रश घेऊन ती फट आधी मोकळी करावी, मगच बाकीचं.

धुळीचा संबंध फक्त कापडाशी नाही, छातीशीही आहे. 1960 च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा या संशोधकांनी दाखवून दिलं, की घरातल्या धुळीने ज्यांना दमा किंवा शिंका येतात त्यांचा खरा त्रास धुळीतल्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे आहे. हे किडे मिलिमीटरच्या चौथ्या भागाएवढे असतात आणि माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. ते पाणी पीत नाहीत. हवेतली ओल अंगात ओढून घेतात. म्हणून दमट हवेत त्यांची भरभराट होते आणि हवा कोरडी असेल, तर ते सुकून मरतात. नेदरलँड्स हाही ओलसर देश आहे, आणि हा शोध तिथे लागावा हे साहजिक म्हणावं लागेल. इथे कुणी विचारेल: आमच्याकडे पावसाळ्यात हवेतलीच आर्द्रता 85-90 टक्क्यांवर असते, मग सोफा कोरडा ठेवण्याला अर्थ काय? हवा आपल्या हातात नाही, हे खरंच आहे. पण दमट हवेतलं कापड आणि भिजलेला फोम यांत फार मोठा फरक असतो. पहिल्यात थोडी ओल असते, दुसऱ्यात कोंडलेलं पाणी. शिवाय किडे आणि बुरशी यांना ओल पुरत नाही, अन्नही लागतं, आणि ते अन्न म्हणजे कोंडा, तेल, खरकट्याचा चुरा. ते आपण काढू शकतो. म्हणून वर्षभरातल्या सगळ्या स्वच्छतेत मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यातली स्वच्छता मला सर्वांत मोलाची वाटते. आगोटीच्या कामांत लाकूडफाटा आत घेणं, पापड-मिरच्यांची वाळवणं आवरणं, छपराची कौलं किंवा पत्रे पाहणं ही कामं असतातच. त्यात सोफा कोरडा झाडून, गाद्या वाऱ्यावर टाकून, फटी मोकळ्या करून ठेवणं हे एक काम वाढवावं. स्वच्छ सोफा पावसाळ्याची दमट हवा बऱ्याच अंशी सोसतो. तेलकट, धुळीने भरलेला सोफा त्याच हवेत आषाढाच्या आत कुबट होतो.

आता डागांकडे येतो, कारण पाण्याची बाजू घेणाऱ्यांचा खरा भरवसा इथेच असतो. डाग पडला की पाणी लागणारच, असं आपण धरून चालतो. पण या भागातल्या घरांत सोफ्यावर सर्वांत जास्त पडणारे डाग कोणते, ते पाहा: हळद, खोबरेल तेल आणि लाल माती. या तिघांपैकी एकाचाही इलाज पाणी नाही.

हळदीचा पिवळा रंग कुरकुमीन या द्रव्याचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतं. ठाणे जिल्ह्यातल्या लग्नघरांत हळदीचा समारंभ केवढा मोठा असतो हे सांगायला नको, आणि त्या दोन दिवसांत घरातला सोफा कुणाकुणाच्या पाठीला लागतो तेही सर्वांना माहीत आहे. डाग दिसला की कुणीतरी साबणाचं पाणी आणून घासतं, आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक होतो. सगळे घाबरतात. झालेलं असतं ते इतकंच, की साबण अल्कधर्मी आहे आणि कुरकुमीन अल्कात लाल होतं. त्यावर लिंबाचा किंवा पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब पडला की ते पुन्हा पिवळं होतं. डाग गेलेला नसतो, घासल्यामुळे पसरलेला मात्र असतो. याऐवजी असं करावं. ओली हळद आधी चमच्याच्या कडेने उचलून घ्यावी, घासू नये. सुकलेली असेल तर ब्रशने झाडावी. मग औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट पांढऱ्या कापडाच्या बोळ्यावर घेऊन डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपत यावं. प्रत्येक वेळी बोळ्याचा स्वच्छ भाग वापरावा. आधी सोफ्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटचा थेंब लावून कापडाचा रंग सुटतो का हे पाहावं, आणि जवळ चूल, गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नसावं. उरलेला फिकट पिवळेपणा सूर्य काढतो, कारण कुरकुमीन उजेडात टिकत नाही. निघणारी खोळ असेल तर ती दोन दिवस कोवळ्या उन्हात टाकावी. निघत नसेल तर सोफाच सकाळचं ऊन येणाऱ्या दारापाशी सरकवावा.

खोबरेलाचं तसंच. डोकं टेकण्याच्या जागी आणि हातांवर जो काळपट, चिकट पट्टा तयार होतो, तो केसांच्या तेलाचा आणि घामाचा असतो, त्यावर धूळ बसलेली असते. तेल पाण्यात जात नाही, पण कोरड्या पुडीत शोषलं जातं. मक्याचं पीठ, टाल्कम पावडर किंवा खाण्याचा सोडा जाडसर पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी ब्रशने झाडावा. दोन-तीन वेळा करावं लागतं. याचा पहिल्यापासूनचा उपाय मात्र घराघरात होता आणि अलीकडे जुनाट म्हणून टाकला गेला: सोफ्याच्या पाठीवर टाकलेला क्रोशाचा रुमाल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुष केसांना मकासर नावाचं तेल चोपडत, त्यापासून खुर्च्या वाचवण्यासाठी तिथल्या बायकांनी हे रुमाल टाकायला सुरुवात केली. आपल्याकडे तेल लावण्याची रीत आजही आहे, तेव्हा त्या रुमालाचं काम संपलेलं नाही. तो धुवायला एक तांब्या पाणी पुरतं आणि तो दुपारपर्यंत वाळतो. तिसरी लाल माती. शेतावरून आलेल्या पायांचा, कपड्यांचा चिखल सोफ्याला लागला की तो ओला असताना हात लावू नये. पूर्ण सुकू द्यावा. सुकला की ढेकूळ बोटानेच निघतं, उरलेली माती ब्रशने.

पाणी लागणारे डाग नाहीत असं मी म्हणत नाही. चहा, दूध, लहान मुलाची शी-शू, रक्त यांना पाणी लागतं, आणि रक्त-दुधाला तर थंडच, कारण गरम पाण्याने त्यांतली प्रथिनं धाग्यात पक्की होतात. पण इथेही क्रम महत्त्वाचा. आधी सुक्या सुती कापडाने दाबून जेवढं शोषता येईल तेवढं शोषायचं. मग कापड ओलं करायचं, सोफा नाही. म्हणजे ओल्या बोळ्याने टिपायचं, लगेच सुक्याने टिपायचं, असं आलटून पालटून. मुलाने शू केली असेल तर एक भाग व्हिनेगर आणि दोन-तीन भाग पाणी असं मिश्रण टिपून, वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरवून काही तासांनी झाडला की वास बराच जातो. त्यानंतर पंखा त्या जागेवर रोखून ठेवायचा, आणि पाच-सहा तास तिथे कुणी बसायचं नाही. पान-गुटख्याचा डाग मात्र कात आणि चुन्यामुळे इतका पक्का बसतो की तो फिका होतो, जात नाही. त्यावर खरा इलाज सोफ्याजवळ पान न खाणं एवढाच.

मशीन घेऊन घरी येणाऱ्या माणसांबद्दलही विचारलं जातं. कल्याण-बदलापूरकडून अशी सेवा देणारे अलीकडे शहापूर-मुरबाडपर्यंत येतात. या सेवेला सोफा ड्रायक्लीनिंग म्हणतात, पण पुष्कळदा तीत शाम्पूचा फेस आणि पाणी असतंच. ते नंतर यंत्राने ओढून काढलं जातं. यंत्र ताकदीचं आणि माणूस जाणकार असेल तर काम चांगलं होतं, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा ते करून घ्यायला माझी हरकत नाही. हरकत ऋतूची आहे. गणपतीच्या आधी घर लख्ख दिसावं म्हणून श्रावणात सोफा धुऊन घेणं ही महागातली चूक ठरते. पाहुणे येतात तेव्हा सोफ्याला ओल्या पोत्याचा वास असतो. हे काम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करावं, किंवा मग पाऊस पूर्ण गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात. त्या माणसाला आधी विचारावं, की पाणी ओढून घेणारं यंत्र आहे का आणि सोफा किती तासांत वाळेल. दुसऱ्या दिवसापर्यंत असं उत्तर आलं तर नको म्हणावं.

मग प्लास्टिकचं आवरण घालून टाकलं तर? बरीच घरं दुकानातून आलेलं प्लास्टिक वर्षानुवर्षं काढतच नाहीत. सोफा मेहनतीच्या पैशाने घेतलेला असतो, तो जपण्याची ही धडपड समजण्यासारखी आहे. पण प्लास्टिक बाहेरचं पाणी अडवतं तसं आतली ओलही अडवतं. त्याखाली घाम धरतो, आणि बुरशीला हवी तशी बंद, दमट, अंधारी जागा तयार होते. घराला रंग काढताना किंवा हळदीच्या दिवशी एक दिवस प्लास्टिक टाकावं आणि संध्याकाळी काढावं. कायमचं ठेवू नये. रेक्झिनचा सोफा घ्यावा हाही एक पर्याय सुचवला जातो, आणि तो काही ठिकाणी मलाही पटतो. चिखलाच्या पायांनी येणं-जाणं असतं त्या ओटीवर कापडी सोफा ठेवणंच चूक. तिथे लाकडी बाक किंवा पुसता येणारी बैठक हवी. पण चामड्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त सोफ्यांना पॉलियुरेथेनचा जो पातळ लेप असतो, तो दमट हवेत कालांतराने विघटित होऊन पापुद्र्यांनी सुटायला लागतो. म्हणजे ओल त्यालाही सोडत नाही, आणि एकदा पापुद्रे सुटले की त्याला दुरुस्ती नाही. कापड निदान बदलता तरी येतं.

एक आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो. घरातली बाई आधीच पहाटेपासून राबते, तिच्यावर आणखी हे सोफ्याचं काम कशाला? यात दोन गोष्टी आहेत. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, बायका हंडे घेऊन दूरवर जातात. अशा घराला सोफा पाण्याने धुवा असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. कोरडी निगा आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांची आहे, तिला पाणी जवळजवळ लागत नाही, आणि पाण्याने घासून, मग वास आला म्हणून पुन्हा घासून होणाऱ्या कष्टांपेक्षा ती कितीतरी हलकी आहे. दुसरं म्हणजे, गादी अंगणात नेऊन झोडायला, टॉवेल थोपटायला, सोफा सरकवायला कसलंही कौशल्य लागत नाही. सोफ्यावर जास्त वेळ जो बसतो त्याने ते करावं.

हे सगळं सोपं होतं की अवघड, ते खरं तर दुकानातच ठरतं. या भागातले बरेच सोफे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून येतात किंवा स्थानिक कारागिराकडून बनवून घेतले जातात, आणि दोन्हीकडे आपल्याला हवं ते मागून घेता येतं. आपण रंग आणि किंमत विचारतो. त्याआधी गादी सुटी होते का ते विचारावं. खोळीला चेन आहे का, आणि ती खोळ धुता येते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चेन पुष्कळदा फक्त गादी भरण्याच्या सोयीसाठी असते आणि सुती खोळ पहिल्या धुण्यात आटून पुन्हा चढत नाही. कारागिराकडून बनवत असाल तर खोळीचं कापड शिवण्याआधी पाण्यातून काढायला सांगावं आणि दोन संच शिवून घ्यावेत. पाय पाच-सहा इंच उंच असावेत, म्हणजे खालून केरसुणी जाते आणि वाराही. फोमची घनता विचारावी. कारागीर 32 डेन्सिटी, 40 डेन्सिटी असं सांगतात, म्हणजे घनमीटरला तेवढे किलो, आणि बैठकीला हलका फोम लवकर बसतो. कापडाची वीण घट्ट आणि सपाट असावी. मखमल, शेनिलसारखी लवदार कापडं दुकानात देखणी दिसतात, पण भट्टीच्या किंवा महामार्गाच्या जवळच्या घरात ती धूळ धरून बसतात. गादी वाऱ्यावर टाकताना एक पथ्य आहे: गोधडीसारखं फोमला दिवसभर रणरणतं ऊन देऊ नये. अतिनील किरणांनी फोम पिवळा पडून भुगा होतो. खोळीसकट, सकाळचं ऊन, तास-दोन तास, आणि बाकी वेळ सावलीतला वारा.

पावसाळ्यात सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, कारण झडीने ओल मारलेली भिंत सोफ्याच्या पाठीला ओल देत राहते आणि ते मागच्या बाजूला असल्यामुळे कळत नाही. उघडीप मिळेल तेव्हा दारं-खिडक्या उघडाव्यात, गाद्या उभ्या कराव्यात. तरीही पांढरी बुरशी दिसलीच तर नाकाला फडकं बांधून ती घराबाहेर ब्रशने झाडावी, स्पिरिटच्या बोळ्याने जागा टिपावी आणि पंख्याखाली वाळवावी. ब्लीच लावू नये, कापडाचा रंग जातो. पावसानंतर, भात घरात येऊन कणग्या आणि पोती भरली की उंदीर येतात, आणि त्यांना घरट्यासाठी सोफ्याइतकी ऊबदार जागा दुसरी नाही. महिन्यातून एकदा दोघांनी मिळून सोफा मागे कलता करावा आणि तळाचं काळं कापड पाहावं. फाटलं असेल तर लगेच पिना मारून घ्यावं. लाकडाच्या पायाशी मातीची बारीक रेघ चढलेली दिसली तर ती वाळवी.

आणि छप्पर गळून किंवा भातसा-काळू नद्यांच्या पुराचं पाणी घरात शिरून सोफा आतपर्यंत भिजला असेल, तर फोम वाचवण्याच्या नादी लागू नये, मग तो कितीही नवा असो. पुराच्या पाण्यात गटारं आणि गोठे दोन्ही मिसळलेले असतात. तो फोम वाळला तरी घरात ठेवण्याजोगा राहत नाही. तळाचं कापड काढून, फोम उपसून टाकून, लाकडी सांगाडा सावलीत आठ-पंधरा दिवस सुकवावा. सागाचा किंवा चांगल्या लाकडाचा असेल तर तो वाचतो. प्लायवूड फुगलं, थर सुटले, तर तो जातो. वाचलेल्या सांगाड्यावर नवा फोम आणि नवं कापड चढवून घ्यावं, पण पावसाळा संपेपर्यंत थांबून, आणि या वेळी निघणाऱ्या खोळी शिवून.